नाण्यावरचा अंगठा

चैतन्य तायडे हा माणूस आठवडाभर ग्रीसमध्ये हात घालून असायचा आणि रविवारी सकाळी पांढरे सुती हातमोजे घालून कपाटासमोर बसायचा. आमच्या मजल्यावर नवीन राहायला आलेल्या कुणालाही आधी ही गोष्ट सांगितली जायची, आणि सांगणारी बहुधा मीच असायचे. तो लिफ्टचा मेकॅनिक. मुलुंड, पवईकडच्या उंच इमारतींमधली लिफ्ट अडकली की याचा फोन वाजतो. नखांच्या कडेचा काळा रंग त्याच्या लग्नातसुद्धा निघाला नव्हता. फोटो काढणाऱ्याने त्याला हात पाठीमागे घ्यायला सांगितले होते, आणि अल्बममध्ये तो पोलीस चौकीत उभा केल्यासारखा दिसतो.

मी वनमाला, त्याची समोरची शेजारीण. घाटकोपरला डोंगराच्या अंगाला आमची बैठी चाळ होती, तेव्हापासूनची. चाळ पाडून इमारत झाली तेव्हाही नशिबाने समोरासमोरची दारं मिळाली. आम्ही मालवणकडचे, सासरे गिरणीत होते. तायडे मंडळी बुलढाण्याची, मेहकरजवळच्या गावची. आमच्याकडे गणपती, त्यांच्याकडे चौदा एप्रिल आणि बुद्धपौर्णिमा. पण खीर कुणाकडेही असो, पातेलं माझंच लागायचं, कारण एवढं मोठं पातेलं मजल्यावर दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. ते परत न्यायला जायचं म्हणून त्या घरात माझं जाणं-येणं जरा जास्तच होतं.

चैतन्यला नाण्यांचा नाद लागला तो पार्ल्यात. एका जुन्या इमारतीत एक म्हातारे गृहस्थ लिफ्टमध्ये अडकले होते. याने त्यांना बाहेर काढलं, तेव्हा त्यांनी चहाला बसवून घेतलं आणि कपाटातून एक निळी मखमली पेटी काढून दाखवली. आत टांकसाळीचा प्रूफ संच होता. प्रूफ म्हणजे काय, ते चैतन्यने मला इतक्या वेळा सांगितलंय की आता मीही सांगू शकते. बाजारात फिरायला पाडतात ती नाणी वेगळी आणि ही वेगळी. ही फक्त जपून ठेवण्यासाठी पाडतात. ठसा चकचकीत घासलेला असतो आणि तो एकदा नव्हे, दोनदा मारतात. त्यामुळे नाण्याची जमीन आरशासारखी होते आणि वरचं चित्र दह्यासारखं पांढरं उठून दिसतं. चैतन्यला त्या नाण्यात स्वतःचं तोंड दिसलं, आणि झालं, लागली वाट.

तेव्हापासून टांकसाळीचा नवा संच निघाला की तो नोंदवायचा आणि पोस्टमनची वाट बघत बसायचा. चांदीची बरीच होती. सोन्याचं एकच, कुठल्यातरी परदेशी टांकसाळीचं, करंगळीच्या नखाएवढं, ते त्याच्या मुलीचा, संघमित्राचा जन्म झाला तेव्हा घेतलेलं. प्रत्येक नाणं पारदर्शक डबीत आणि डबी मखमलीत. डबी सहसा उघडायची नाही. उघडलीच तर हातमोजे घालून, नाणं कडेने धरायचं. तोंडावर बोट लागलं तर त्या दिवशी काही दिसत नाही, पण बोटाचा घाम चांदीत मुरतो आणि काही महिन्यांनी तपकिरी डाग वर येतो, तो मग जात नाही. पुसायला गेलं तर डागाबरोबर आरसाही जातो.

मी त्याला चिडवायचे. खर्चायचे नाहीत, अंगावर घालायचे नाहीत, कुणाला हात लावू द्यायचा नाही, मग हे पैसे कसले रे, हा तर सोवळ्यातला देव झाला. एरवी तो हसून सोडून द्यायचा. एकदाच म्हणाला, "काकी, दिवसभरात मी हात लावतो ती प्रत्येक गोष्ट काळी होते. एवढी एक वस्तू स्वच्छ राहू दे ना." त्यानंतर मी जरा कमी चिडवायला लागले.

आता त्याच्या आईबद्दल सांगायला हवं, कारण खरी गोष्ट तिची आहे. चंपाबाई नवरा गेल्यावर या पोराला काखोटीला मारून मुंबईत आल्या. आधी रस्त्याच्या कामावर खडी वाहिली, मग एका नर्सिंग होममध्ये आया म्हणून राहिल्या. सिमेंट, खडी आणि फिनेल यांनी त्यांच्या बोटांवरच्या रेषा पार खाऊन टाकल्या होत्या. रेशन दुकानात अंगठ्याचं मशीन आलं तेव्हा ते कळलं. दुकानदार म्हणायचा, अंगठा लागत नाही आजी, दुसरं बोट लावा. दुसरंही लागायचं नाही. मग त्या पदराला बोटं पुसायच्या, केसांवर घासून तेल लावायच्या, पुन्हा दाबायच्या. मागे रांगेत लोक चुळबुळ करायचे. एकदा मी बरोबर होते. चंपाबाई त्या मशीनकडे बघून म्हणाल्या, "मी काय मेली का रे? उभी हाये ना इथं." दुकानदारही हसला, रांगही हसली. त्या मात्र हसल्या नव्हत्या. घरी येईपर्यंत त्या उजवा अंगठा डाव्या मुठीत धरून चालत होत्या.

बाबासाहेबांच्या सव्वाशेव्या जयंतीचं सव्वाशे रुपयांचं नाणं निघालं, तेव्हा चैतन्यने ते नोंदवलं हे सांगायला नको. नाणं घरी आलं त्या दिवशी त्याने मजल्यावर पेढे वाटले. बाकीचे संच कपाटात असायचे, पण हे एक नाणं चौदा एप्रिलला फळीवर बुद्धमूर्तीच्या शेजारी मांडलं जायचं, अर्थातच डबीत. आम्ही सगळे रांगेने बघून यायचो. चंपाबाईंना दिसायचं नाही. साखरेने त्यांचे डोळे अधू केले होते आणि त्या डबीच्या प्लास्टिकमधून त्यांना नुसती चमक दिसायची. त्या म्हणायच्या, काढून दे ना जरा हातात. चैतन्य म्हणायचा, हातात नको आई, लांबूनच बघ. त्याच्या दृष्टीने यात वावगं काही नव्हतं. तो स्वतःलाही हात लावू देत नव्हता.

एका वर्षी जयंती झाली, नाणं परत कपाटात गेलं, उन्हाळा-पावसाळा सरला. दिवाळीच्या सुट्टीत त्याने पेटी उघडली तर बाबासाहेबांच्या गालावर आणि मागच्या आरशावर तपकिरी डाग आलेला. त्याने बायकोला विचारलं, मुलीला विचारलं. त्याची बायको सपना मेडिकलच्या दुकानात काउंटरला असते, कामाच्या बाबतीत वाघीण, पण त्या दिवशी तीही गांगरली. शेवटी चंपाबाईच म्हणाल्या, मी लावला हात. घरात कुणी नव्हतं तेव्हा त्यांनी चाचपडत डबी उघडली होती.

दारं उघडी होती, त्यामुळे पुढचं सगळं मला ऐकू आलं. चैतन्य आईवर कधी ओरडलेला मी ऐकला नव्हता. त्या दिवशी तो ओरडला. वाट लावलीस म्हणाला, घरात एक वस्तू धड राहू देत नाहीस म्हणाला, हजारदा सांगून कळत नाही का म्हणाला. चंपाबाई मोरीच्या दाराशी उभ्या होत्या. त्यांनी त्याला बोलू दिलं. मग म्हणाल्या, "मले दिसत नाही ना रे बाबू. म्हणून हात लावून पाह्यलं." आणि थोड्या वेळाने, जसं काही त्याला ते ऐकून बरं वाटेल, "नाक हाये, चष्मा हाये. समदं लागलं हाताले."

मला राहवलं नाही. मी तशीच आत गेले. राग आला की माझ्या तोंडात गावची भाषा येते, आईची आवस होते. मी म्हटलं, "मेल्या, एका नाण्यापायी आवशीर आवाज चढवतंस?" त्याने पेटी मिटून कपाटात ठेवली आणि चपला घालून निघून गेला. संध्याकाळी येताना आईसाठी तिच्या आवडीची शेव आणली. पण चुकलो म्हणाला नाही. मुलगे शेव आणतात, चुकलो म्हणत नाहीत, आमच्याकडेही हीच तऱ्हा.

चंपाबाईंनी शेव खाल्ली. पण त्या दिवसापासून त्यांना एक सवय लागली. घरातल्या कुठल्याही वस्तूला हात लावण्याआधी विचारायच्या. पाण्याचा तांब्या असो, टीव्हीचा रिमोट असो, नातीची वही असो. हात लावू का? माझ्या घरी येऊन भाजी निवडायला बसल्या तरी मेथीच्या जुडीला हात घालण्याआधी विचारायच्या. मी म्हणायचे, अहो लावा की, मेथीच आहे. चैतन्य घरात असला आणि त्याच्या कानावर ते पडलं की तो उठून गॅलरीत जायचा. त्याला ते लागत होतं, हे मला दिसत होतं. पण दोघांपैकी कुणीच त्या विषयावर बोललं नाही आणि मग बोलायला वेळ उरला नाही.

चंपाबाईंची मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून दोनदा, मग तीनदा डायलिसिस सुरू झालं. चैतन्यने आधी सोन्याचं नाणं विकलं. मग चांदीचे संच, एकेक करत. अंधेरीला एक व्यापारी होता, त्याच्याकडे पिशवी घेऊन जायचा आणि रिकामी पिशवी घडी करून खिशात घालून यायचा. शेवटी ते डागाळलेलं नाणंही घेऊन गेला. व्यापाऱ्याने भिंग लावून बघितलं आणि मान हलवली. बोटाचा ठसा बसलाय, म्हणाला, आता संग्रहाची वस्तू राहिली नाही ही, वितळवायच्या भावात घेतो. चैतन्य ते परत घेऊन आला. सगळा संग्रह गेला आणि घरात राहिलं ते हेच एक.

चंपाबाई डिसेंबरच्या सुरुवातीला गेल्या. सहा तारखेला दादरला चैत्यभूमीवर जायचंच असं म्हणून त्यांनी पांढरी साडी इस्त्री करून ठेवायला लावली होती. तीच त्यांना नेसवली. नेसवताना त्यांचे हात मी धरले होते. फार हलके झाले होते.

त्यानंतरच्या एका रविवारी मी पातेलं आणायला गेले. सपना आणि मुलगी बाजारात गेल्या होत्या. चैतन्य खिडकीशी बसला होता, हातात उघडी डबी. हातमोजे होते. म्हणाला, "काकी, इकडे या. हे बघा." त्याने नाणं उजेडाकडे तिरकं केलं. मला आधी नुसता डाग दिसला. मग त्याने आणखी थोडं कलतं केलं तसं दिसलं. डागात रेषा होत्या. पूर्ण अंगठा नव्हता, मधला भाग नुसताच पुसट, पण कडेने बारीक बारीक चार-पाच वळलेल्या रेषा, शेताला नांगर फिरावा तशा.

"मशीनला कधी लागला नाही," तो म्हणाला. "इथे लागला."

मी त्याच्याशेजारी स्टुलावर बसले. मला रडू आलं ते मी आवरलं नाही. तो सांगत होता की, आईचे फोटो आहेत घरात, पण सगळ्या फोटोंत ती फोटोसाठी बसलेली आहे. हे एकच असं आहे की जिथे तिने आपल्या मनाने हात लावला. रोज कामावर जाण्याआधी एकदा बघतो म्हणाला. आणि मनातल्या मनात तिला चुकलो म्हणतो. तोंडाने म्हणायचं राहिलं ना.

मी विचारलं, सपनाला माहीत आहे का. त्याने मान हलवली. "तिला कसं सांगू? याच डागासाठी मी घर डोक्यावर घेतलं होतं. तिच्यावर, संघमित्रावर संशय घेतला. आता याच डागाला नमस्कार करतो म्हणून सांगू?" मी म्हटलं, सांग. बायको आहे ती तुझी, हसणार नाही. तो म्हणाला, सांगतो, जयंती झाली की सांगतो. लाज वाटत होती त्याला. त्याची लाज मला कळत होती आणि त्या लाजेचा रागही येत होता. पण सांगायचं ते त्यानेच, माझ्या तोंडून ते जायचं नव्हतं.

एप्रिल आला. चंपाबाई गेल्यानंतरची पहिली जयंती. सपनाने रजा घेऊन घर साफ करायला काढलं. जाळ्या, पंखे, पडदे. मग पितळेची बुद्धमूर्ती, मेणबत्त्यांची स्टँडं, तांब्याचा गडवा, सगळं चिंचेने घासून खिडकीत वाळत मांडलं. आमच्या घरांतून सणाच्या आधी हेच चालतं, धर्म कुठलाही असो. पितळेला चिंच आणि चांदीला दंतमंजन. चांदी काळी पडली की दंतमंजन घ्यावं, ओल्या फडक्याने चोळावं, हे मला माझ्या आईने शिकवलं आणि सपनाला तिच्या आईने.

मी खिरीसाठी पातेलं घेऊन गेले तर सपना जमिनीवर बसलेली, समोर पांढरी बशी, बशीत गुलाबी दंतमंजन. ती फार दिवसांनी खुशीत दिसत होती. तिने मूठ उघडली.

"काकी, बघा तरी. एकदम झकास निघालं."

तिच्या तळहातावर ते नाणं होतं. लख्ख पांढरं, सगळीकडून सारखं. आरसा नव्हता, डाग नव्हता, रेषा नव्हत्या. बाबासाहेबांचा चष्मासुद्धा थोडा झिजल्यासारखा वाटला. मी पातेलं खाली ठेवलं. सपना सांगत होती की, हे दर रविवारी पेटी उघडून तोंड पाडून बसतात. आईंमुळे डाग पडला हे त्यांच्या मनातून जात नाही, आणि आई तर गेल्या. मग म्हटलं, जयंतीच्या आत आपणच काढून टाकू. आईंवरचा राग तरी जाईल.

डाग तर गेला होता. तिला काही सांगून तो परत येणार नव्हता, फक्त तिचं हसू गेलं असतं. मी म्हटलं, छान केलंस हो. आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोलले असेन, पण एवढं जड कधी वाटलं नाही.

चैतन्य त्या दिवशी लवकर आला. अंगावर कामाचे कपडे, हात तसेच. सपनाने त्याला दारातच थांबवलं आणि हात पुढे करा म्हणाली. त्याने केला. तिने नाणं त्याच्या तळहातावर ठेवलं. त्याला आधी कळलंच नाही की ते काय आहे. मग कळलं. तो खिडकीपाशी गेला, नाणं उजेडाकडे तिरकं केलं. मग दुसऱ्या बाजूला. मग उलटं करून पुन्हा सुलटं केलं. मी दाराशी उभी होते आणि मनात म्हणत होते, ओरडू नकोस रे बाबा, ओरडू नकोस.

सपना म्हणाली, "आईंच्या हातचा डाग गेला बघा सगळा."

तो तिच्याकडे वळला. मग म्हणाला, "छान झालंय." आवाज नेहमीचाच होता. त्याने नाणं फळीवर चंपाबाईंच्या फोटोपुढे ठेवलं, मोरीत गेला, आणि नळ बराच वेळ चालू राहिला. सपनाने मला हळूच विचारलं, खूश झाले ना हो? मी म्हटलं, झाला.

जयंती नेहमीसारखी झाली. मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली, खीर वाटली. तो पांढऱ्या शर्टात सगळ्यांना जय भीम करत फिरत होता. दुसऱ्या दिवशी तो माझं पातेलं परत घेऊन आला, घासून पुसून. आमच्या दारात उभा राहिला आणि त्याचा चेहरा एकदम मोडला. मी त्याला आत घेतलं, दार लावलं. त्याने डोळे पुसले. मग म्हटलं, आता तरी सांग तिला. तो म्हणाला, "नको काकी. आईने पण मायेनेच हात लावला होता, आणि मी काय केलं? तिच्यावर ओरडून झालंय एकदा. सपना पण उद्यापासून तांब्याला हात लावताना विचारायला लागली तर?"

मी पातेलं जागेवर ठेवलं आणि त्याच्यासाठी चहा टाकला.

ते नाणं आता डबीत नसतं. फळीवर फोटोपुढे उघडंच असतं. पाहुणे हातात घेतात, संघमित्राच्या मैत्रिणी हातात घेतात, सपना कौतुकाने सांगते की किती काळं पडलं होतं आणि तिने ते कसं काढलं. कुणी कडेने धरत नाही. पांढरे हातमोजे सपनाने ट्यूबलाइट पुसायला काढलेत. टांकसाळीचा नवा संच कधी निघाला, कधी संपला, चैतन्य आता विचारतही नाही.

गेल्या रविवारी मी गेले तेव्हा सपना आत चहा टाकत होती. चैतन्य खिडकीशी बसला होता. नाणं डाव्या हातात, डोळे मिटलेले, आणि उजव्या हाताचा अंगठा नाण्यावर हळूहळू फिरत होता, कपाळावरून चष्म्यावर, चष्म्यावरून गालावर. गालाशी आला की थांबायचा. मी हळूच विचारलं, काय करतोस रे? त्याने डोळे उघडले नाहीत.

"काही दिसत नाही ना काकी आता," तो म्हणाला. "म्हणून हात लावून बघतो."